ओढ्यापलीकडचा हात

शिवी द्यायलाही अंगात कसब लागतं, हे मी आधीच सांगून ठेवते. उठलं तोंड आणि लावलं वाजवायला, त्याला शिवी म्हणत नाहीत.

आमच्या तळशात आणि ओढ्यापलीकडच्या मोरदऱ्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी 'बार' होतो. दोन्ही गावच्या बाया ओढ्याच्या दोन काठांना उभ्या राहतात, मागं हलग्या कडाडतात, आणि आम्ही एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतो. कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. आता डोक्यावरून फवारणीचे ड्रोन जातात, गिरणी उन्हावर चालते, पण बार आहे तसा आहे. आणि त्याचे नेमही आहेत तसेच. तोंडावर पदर घ्यायचा नाही, जी शिवी देईल तिचं तोंड दिसलं पाहिजे. देवानं दिलेल्या देहाला नाव ठेवायचं नाही. लंगडी, चकणी, वांझ हे शब्द ओढ्यावर आले की आपल्याच बाया आपल्याला मागं ओढतात. सैपाकाला नावं ठेवा, म्हशीला ठेवा, नवऱ्याच्या मिशीला ठेवा. आणि दिवस मावळायच्या आत ओढा ओलांडून एकमेकींना कुंकू लावायचं. न लावेल तिला पुढच्या वर्षी काठावर जागा नाही.

मी शालन. माझी गावात पिठाची गिरणी आहे आणि बाराला तळशाच्या बाजूनं पुढं मी असते. मोरदऱ्याकडून हिराक्का. "हिराक्का, तुझ्या पिठल्यात पिठापेक्षा गाठी जास्त!" असं मी म्हटलं की ती कडाडते, "शालने, तुझ्या गिरणीचं पीठ खाऊन कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं!" अशी आमची मैत्री. एरवी तिच्याकडची पुरणपोळी आल्याशिवाय माझी होळी होत नाही.

तर अशा मला, तोंडाळ म्हणून दोन तालुक्यांत गाजलेल्या बाईला, भाची मिळाली आर्वी. माझ्या भावाची पोर. जनावरांच्या डॉक्टरकीचा कोर्स करायला माझ्याकडं राहिली. बोलताना अडखळते. 'म' आणि 'त' आला की शब्द दारात अडतो, ढकलावा लागतो, मग एकदम बाहेर पडतो. लहानपणापासून तसंच. आमच्या घरी त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. तिचा शब्द येईस्तोवर आम्ही भाकरी थापायचो.

पोरीला शेळ्यांचं भारी वेड. शेळीचं पोट फुगलं तर काय करावं, खुरं कशी बघावीत, याचे व्हिडिओ करून टाकायची. "न-न-नमस्कार, मी आर्वी," असं सुरू व्हायचं. बाया बघायच्या, शेळ्या वाचायच्या. आणि मग कुठून कोण जाणे, धाड पडली.

'बफरिंग चालू आहे.' 'हिला कुणीतरी रिचार्ज मारा.' 'शेळी बरी, नीट तरी ओरडते.' एक नाही, दोन नाही, हजारांनी. कुणी तिचं बोलणं कापून त्याचं गाणं केलं, कुणी त्यावर नाचलं. मी म्हटलं, अगं लक्ष नको देऊ, कुत्री भुंकतात. सांगायला काय जातं? एक माणूस हसला तर त्याला दगड मारता येतो. सगळं जगच हसतंय म्हटल्यावर पोरीनं कुठं बघायचं? आणि त्या सगळ्यांत एक ओळ होती, ती प्रत्येक व्हिडिओखाली, न चुकता: 'गप्प बसायला काय जातं तुझं?' ना त्यात विनोद, ना शिवी. तीच आर्वीला सगळ्यांत जास्त लागली.

आणि ती गप्प बसली.

म्हणजे खरोखरच. बोलायचं असलं की फोनवर लिहायची आणि फोन बोलायचा, बातम्या देणाऱ्या बाईसारख्या गुळगुळीत आवाजात. "आत्या, चहा ठेवू का?" असं तो फोन मला विचारायचा. मला असा संताप यायचा! एके दिवशी गिरणीच्या धडधडीत तो फोन माझ्यापुढं धरून तिनं ऐकवलं, "आत्या, मी कोर्स सोडते आहे. दारोदार जाऊन लोकांशी बोलावं लागतं. बाराच्या दुसऱ्या दिवशी घरी जाईन." एवढं मोठं दुःख आणि आवाजात कंप म्हणून नाही. मी पट्टा बंद केला आणि तिथंच पिठाच्या हातांनी रडले.

मग म्हटलं, रडून काय होणार शालने, तुझं तोंड कशाला आहे? तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि तालुक्याला हातओळखीच्या कचेरीत नेलं.

आता ही हातओळख म्हणजे काय, ते मला तिथल्या काळसेकर मॅडमनी सांगितलं, ते सांगते. एका प्रयोगशाळेत म्हाताऱ्या माणसांच्या कंपवाताचा शोध चालला होता. हात दिसण्याइतका थरथरायच्या कितीतरी आधी फोनवर बोटं बदलतात: दोन अक्षरांमधला वेळ, काचेवरचा दाब, चुकलेलं अक्षर खोडायची घाई. ते मोजता मोजता शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आजार राहू दे बाजूला, दोन माणसांची बोटं कधी सारखी चालतच नाहीत. दाराची कडी वाजली की आपल्याला कळतं ना, ही जाऊबाई, हा पोस्टमन? तसंच. दहा खोटी नावं घ्या, दहा फोन घ्या, हात तोच राहतो. मजकूर यंत्राकडून लिहून घेतला तरी तो वाचायला, थांबायला, पाठवायला बोट माणसाचंच लागतं, आणि पाठवण्याआधी किती घुटमळायचं हीसुद्धा ज्याची त्याची सवय असते.

कायदा मात्र शहाणपणानं केलाय. हातओळख नाव सांगत नाही. 'एवढा मजकूर एवढ्या हातांचा', इतकंच सांगते. ती आली तेव्हा मोठी मजा झाली होती. आमच्या सरपंचांची रोज वाहवा करणारे चारशे कार्यकर्ते एकाच हाताचे निघाले, आणि तो कुणाचा हे सांगायला यंत्र कशाला हवं? आठवडाभर ते बोटाला फडकं बांधून फिरत होते.

काळसेकर मॅडमनी आर्वीचे सगळे व्हिडिओ यंत्रात घातले. थोड्या वेळानं पडदा आमच्याकडं वळवला आणि म्हणाल्या, "बघ बाळ."

नऊ हजारांवर कमेंटी होत्या. हात होते सात.

आर्वी बघतच राहिली. मग तिच्या तोंडून, कितीतरी दिवसांनी, तिच्याच तोंडून आलं, "स-स-सातच?"

"सातच," मॅडम म्हणाल्या.

"अगं, आपल्या गिरणीपुढं सकाळी याहून मोठी रांग असते!" मी ओरडले. आणि पोरगी हसली. मला वाटलं, त्या यंत्राला नारळ फोडावा.

पुढं काय करायचं ते तिच्या हातात होतं. दंड करा, खाती बंद करा, नाहीतर सामना मागा. सामना म्हणजे त्या हाताला निरोप जातो: जिच्याबद्दल लिहिलंस तिच्यापुढं येऊन तोंडानं बोल, नाहीतर तुझी सगळी खाती मिटली. अट एकच, तिनंही तोंडानंच बोलायचं. फोनचा आवाज चालणार नाही.

मी म्हटलं, दंड कर, चांगला सणसणीत. आर्वीनं मान हलवली. "स-सामना," ती म्हणाली. जागा कुठली, दिवस कुठला, असं मॅडमनी विचारलं तर ती माझ्याकडं बघायला लागली. "ब-बाराच्या दिवशी. ओढ्यावर. त-तिथं तोंड लपवता येत नाही."

निरोप गेले. सातांतले सहा हात दुसऱ्याच दिवशी खाती गुंडाळून पळाले. इतके शूर! सातव्याचं उत्तर आलं, तेही त्या 'गप्प बसायला काय जातं'वाल्याचं. काळसेकर मॅडमनी फोन करून वाचून दाखवलं: 'येते. मी तिथंच असते.'

येते! म्हणजे बाई. तिथंच असते! म्हणजे मोरदऱ्याची, नाहीतर आमचीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मोरदऱ्यात माझ्या घराला शिव्या घालणारी, तोंडाची तिखट अशी बाई मला एकच माहीत होती. मी पदर खोचला आणि तडक हिराक्काच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले.

"हिराक्का, माझ्या पोरीला लिहिणारी तू का?"

हिराक्का शेंगा फोडत होती. तिनं आधी सगळं नीट ऐकून घेतलं, मग सूप बाजूला सारून उभी राहिली. एवढं संतापलेलं मी तिला बारातसुद्धा बघितलं नव्हतं.

"शालने, तुला शिवी द्यायची तर मी तुझ्या थोबाडावर देते. सगळ्या गावादेखत. आणि पोरीच्या जिभेवर? देवाच्या देण्यावर? मी काय नेम मोडीन व्हय गं?" तिचे डोळे भरले. "आणि मला कुठं लिवता येतंय त्या फोनात. मी बोलते आणि तोच लिवून घेतो, सगळ्या गल्लीला ऐकू जातंय."

ते खरं होतं. मी ओशाळले. हिराक्कानं डोळे पुसले आणि आत हाक मारली, "केतकी, च्या टाक गं, शालन आलीया."

केतकी तिची सून. बी.ए. झालेली, लग्न होऊन पाचेक वर्षं झालेली. खाली मान घालून कप आणला, ठेवताना बशीत चहा सांडला, आणि पाठमोरी आत गेली.

"गुणाची हाय," हिराक्का मोठ्यानं म्हणाली. "पण तोंडच न्हाई बघ तिला. बाराला बी मागंच हुभी ऱ्हाती. म्हटलं, ऱ्हा बाई, घरात एक तोंड बास हाय."

मी हसले आणि चहा प्यायले. काय म्हणावं मला! दोन तालुक्यांत गाजलेली बाई.

बाराचा दिवस उजाडला. ऊन होतं, ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, पोरीबाळींच्या अंगावर नवी लुगडी, ड्रेस, कोपरापर्यंत बांगड्या. दोन्ही काठ भरून गेले. हलगीवाल्यांनी हलग्या शेकून घेतल्या. काळसेकर मॅडम आमच्या बाजूला झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्यांना कुणीतरी सारखं खायला देत होतं.

मी पंधरवडाभर शिव्या घोकल्या होत्या. एकेक अशी, की ऐकणारीनं माहेरी निघून जावं. पहिली द्यायला मी तोंड उघडलं आणि आर्वीनं माझा दंड धरला.

"आत्या, त-तू नको. माझं आहे हे."

ती पुढं गेली, पाण्यात पाय घालून उभी राहिली. हलग्या थांबल्या. तिला सगळे ओळखत होते, व्हिडिओ सगळ्यांनी बघितले होते, आणि त्या कमेंटीसुद्धा. आता जर शब्द अडला, आता जर कुणी फिसकन हसलं, तर ही पोर उद्या बॅग भरणार आणि आयुष्यभर त्या फोनच्या तोंडानं बोलणार. मी खंडोबाला म्हटलं, देवा, आज 'म' नको घालूस.

तिनं श्वास घेतला आणि सुरू केलं. 'म'नंच.

"म-म-म..."

अडला. दारात अडला. "म-म-म-मोरदऱ्याची मांजर गं! उजेडात दडते, प-पाठीत बोचकारते!"

आता इथं आमच्या बायांनी जो घोळ घातला तो जगात दुसरीकडं कुणी घातला नसता. बाराचा आणखी एक नेम आहे, तो सांगायचा राहिला: पुढची जे म्हणेल ते मागच्यांनी जसंच्या तसं उचलायचं. एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही. जन्मभराची सवय. विचार करायला वेळ कुणाला असतो? शे-दीडशे बायांनी छाती भरून घेतली आणि एका सुरात गर्जना केली,

"म-म-म-मोरदऱ्याची मांजर गं! उजेडात दडते, प-पाठीत बोचकारते!"

अगं भवान्यांनो, काय केलंत हे! पण हलगीवाल्याला त्याचं काय? त्याला ठेका सापडला. म-म-म-मो, कड-कड-कड-धाड! असा काही बसला तो ठेका की पोरीटोरी जागच्या जागी नाचायला लागल्या. आर्वी मागं वळली. तिचे डोळे एवढाले झाले होते. ती आमच्याकडं बघत होती, आणि आमच्यात एकीच्याही तोंडावर टिंगल नव्हती. नुसता जोर होता. तिला आधी कळेना, मग कळलं, आणि मग ती अशी हसली म्हणता! हसता हसता पुन्हा पलीकडं तोंड करून तिनं तीच ओळ दुप्पट आवाजात फेकली, 'म' मुद्दाम लांबवून.

पलीकडं गोंधळ उडाला. कारण शिवी ज्या चालीत येते त्याच चालीत उत्तर द्यायचं असतं, आणि ही चाल त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. "ही कुठली नवी काढली गं तळशाच्यांनी?" असं कुणीतरी म्हणालं. हिराक्का कमरेवर हात ठेवून विचारात पडली. तेवढ्यात तिच्या मागची रांग हलली आणि केतकी पुढं आली. पाण्यापाशी येऊन थांबली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर सोडला.

"सातवा हात माझा हाय," ती म्हणाली.

हिराक्काचे कमरेवरचे हात खाली आले. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या हाताच्या मुठी वळल्या, खोटं कशाला बोलू. माझ्या ओठांवर अशी शिवी आली होती की नेमात बसली नसती. पण नेम होता, आणि आता उत्तर द्यायची पाळी पलीकडची होती.

केतकीनं तोंड उघडलं. "त..." एवढंच आलं. तिला पुढं जाता येईना. कारण चाल तीच हवी, म्हणजे आर्वीसारखं अडखळायला हवं, आणि त्याच अडखळण्यावर ती इतके दिवस लपून लिहीत आली होती. आता आर्वी समोर होती. तिच्याकडं बघत होती. केतकी एक पाऊल मागं सरली.

"मला न्हाई जमत," ती रडत म्हणाली. "असं तोंडावर न्हाई जमत मला."

आणि आमची आर्वी, कमरेवर हात ठेवून, हिराक्कासारखीच, ओरडली, "ज-ज-जमतं! म्हण की! च-च-चाल आहे ती, नियम आहे! त-तोंड नाही का तुला?"

"आगं, म्हण!" मागनं हिराक्का गरजली. तिला सासूपणापेक्षा बार मोठा. "मोरदऱ्याची लाज जातीया, म्हण काहीतरी!"

केतकीनं डोळे पुसले. आणि मग त्या तोंड नसलेल्या बाईच्या तोंडातून असा आवाज निघाला की झाडावरचे बगळे उडाले.

"त-त-त-तळशाची डॉक्टरीण गं! शेळी तपासाय गेली, ब-बोकडाची धार काढून आली!"

"त-त-त-तळशाची डॉक्टरीण गं!" मोरदऱ्यानं उचललं. कड-कड-कड-धाड! काळसेकर मॅडमच्या हातातली करंजी खाली पडली. आधी कोण हसलं म्हणाल, तर आर्वी. पोट धरून, पाण्यात खाली बसून. मग जे काही सुरू झालं ते दिवस कलेपर्यंत थांबलं नाही. म्हशी, मिशा, पिठली, जावई, सगळं त्या एकाच चालीत. मला स्वतःला नीट अडखळता येईना, तर आर्वीनं मला दोनदा शिकवलं.

कुंकवाच्या वेळी दोघी ओढ्याच्या मधोमध भेटल्या. मी आणि हिराक्का करंडा घेऊन मागं उभ्या होतो.

"का गं लिहायचीस?" आर्वीनं विचारलं.

केतकी पाण्याकडं बघत होती. "दुपारी घर झोपायचं आन मी तुझे व्हिडिओ बघायची. तू इतकी अडकतीस आन तरी बोलतीस. मी एकदाबी अडकत न्हाई आन पाच वर्षं गप हाय. मला सोसायचं न्हाई ते. म्हणून म्हणायची, तू पण गप बस." तिनं नाक ओढलं. "चुकलं माझं. लई चुकलं."

हिराक्कानं खाली मान घातली. तिला ते बरोबर जाऊन लागलं होतं.

आर्वीनं माझ्या करंड्यात अंगठा बुडवला. मग म्हणाली, "र-राग आहे मला अजून. लगेच नाही जायचा." केतकीनं मान हलवली. "पण लिही तू. म-माझ्या व्हिडिओखाली. शिवीच लिही. पण नाव घालून. आणि श-शेळ्यांवरच." आणि तिनं केतकीच्या कपाळावर अंगठ्यानं कुंकू असं दाबलं, की दोन दिवस निघू नये.

कोर्स सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही, तिनं काढला नाही, आणि तो फोन बोलायचा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या पायरीवर बसून तिनं व्हिडिओ केला, पावसाळ्यात शेळ्यांच्या खुरांना काय होतं त्यावर. "न-न-न-नमस्कार, मी आर्वी." पहिली कमेंट आली ती अशी: 'न-न-न-नमस्कार डॉक्टरीणबाई, आमच्या बोकडाला दूध कधी येणार? — केतकी, मोरदरे.' तिच्याखाली हिराक्काची, फोनला सांगून लिहिलेली. मग मोरदऱ्याच्या एकेक, मग तळशाच्या. जशी चाल तसं उत्तर, नेम तो नेम. नुसते 'न-न-न-नमस्कार' खालपर्यंत.

तक्रार दिल्यापासून हातओळखीचं यंत्र आर्वीच्या व्हिडिओंवर नजर ठेवून होतं, ते बिचारं घाबरलं. त्याला वाटलं, पुन्हा धाड पडली. त्यानं आर्वीला विचारलं: तुमच्या बोलण्याची नक्कल करणाऱ्या दोनशे चौदा कमेंटी आल्या आहेत, थांबवू का? आणि खाली कायद्याप्रमाणं हात मोजून लिहिले होते.

आर्वीनं फोन माझ्यापुढं धरला. खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

कमेंटी दोनशे चौदा होत्या आणि हातही दोनशे चौदा.

त्यातला एक पिठानं भरलेला होता. तो माझा.